खडूच्या डबीतली घंटा

आमच्याकडे जावयाने पहिल्या आग्रहाला हो म्हणायचं नसतं. दुसऱ्याला नुसती मान हलवायची आणि तिसऱ्याला "आता तुम्ही म्हणताच आहात तर" असं पुटपुटत ताट पुढे करायचं. मी मूल गावचा, सासुरवाडी आलापल्लीची. मधे वैनगंगा आडवी आहे, पुढे सागवान आहे, पण या बाबतीत नदीच्या दोन्ही काठांना कायदा एकच. माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या, ढेरी लपवायचं मी सोडून दिलं, तरी सासुरवाडीला पहिल्या पुरणपोळीला माझ्या तोंडून अजूनही आपोआप "नको नको" निघतं.

ही रीत मी संगणकाच्या कामात वापरली आणि त्यापायी पहिलीतल्या एका मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती. सुटली नाही. म्हणून तर हे हसत सांगता येतंय.

माझी धाकटी मेहुणी आलापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका मुलींच्या निवासी शाळेत शिकवते. पहिलीचा वर्ग तिच्याकडे. तिथे येणाऱ्या पोरी घरी गोंडी बोलतात आणि शाळेत आल्या की चहूकडून मराठी अंगावर येतं. त्यांच्यासाठी तिने संगणकावर धडे करून घेतले होते. पडद्यावर चित्र यायचं, मग जवळच्या गावातल्या एका म्हातारीच्या आवाजात त्याचं गोंडी नाव, आणि त्यानंतर मराठी. पाण्याचं चित्र आलं की म्हातारी म्हणायची "येर", मग मेहुणीचा आवाज म्हणायचा "पाणी". एवढंच. पण एवढ्यावर पोरी रुळायच्या.

त्या वर्षी पावसाळ्यात शाळेजवळच्या मोहाच्या झाडावर वीज पडली आणि जुने संगणक सगळे जळाले. धडे पेनड्राइव्हवर होते म्हणून वाचले. पुढे कोण्या भल्या माणसाने नवे संगणक पाठवले, खडूच्या डबीएवढे. सौर पेटीवर चालणारे, आवाज न करणारे. मेहुणी त्यांना खडूच्या डब्याच म्हणते. घोळ असा की धडे त्या डब्यांवर चालेनात.

इथे माझ्या कामाबद्दल दोन शब्द सांगावे लागतील. घरातही ते कोणाला नीट माहीत नाही. मी मूलला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. उरलेल्या वेळात, कधीही न भेटलेल्या पाच-सात लोकांबरोबर एक छोटं अवजार सांभाळतो. ते अवजार संगणकाच्या पोटात दुसरा, खोटा संगणक उभा करतं. आतल्याला वाटतं आपण स्वतंत्र घरात राहतो, प्रत्यक्षात तो भाड्याच्या खोलीत असतो. माझी बायको शेजारणीला सांगते, "ते एका कम्प्युटरात दुसरा कम्प्युटर बसवते." शेजारीण विचारते, "मंग पयल्याचं काय झालं?" या प्रश्नाला मी अजून समाधानकारक उत्तर दिलेलं नाही.

मेहुणीचे धडे फार जुन्या पद्धतीने बांधलेले. ज्या कॉलेजच्या पोराने ते करून दिले, तो नोकरीला लागून कुठच्या कुठे गेला. जळालेल्या संगणकांवरही ते थेट उघडत नसत. म्हणून मी पूर्वीच त्यांना आमच्या अवजाराने अशी एक भाड्याची खोली करून दिली होती. आत जुना जमाना, बाहेर नवा. ते छान चाललं होतं. पण धानाचे जसे वाण असतात, तसे प्रोसेसरचेही असतात. आमच्या अवजाराला एकच वाण माहीत होता, टेबलावरच्या मोठ्या संगणकातला. खडूच्या डबीत मोबाइलचा वाण निघाला. त्या वाणावर खोली कशी बांधायची हे आमच्या अवजाराला कोणी शिकवलंच नव्हतं.

दसऱ्याला आम्ही आलापल्लीला गेलो तेव्हा मेहुणीने मला शाळेत नेलं. वर्गाच्या कोपऱ्यात एक मुलगी बसली होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. शाळेत आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. जेवायची, खेळ पाहायची, सांगितलं ते करायची, पण तोंड बंद. तिचे वडील आदल्या आठवड्यात येऊन मेहुणीला म्हणाले होते, "बाई, घरी दिवसभर बोलते. इथी मुकी झाली. दिवाळीले घरी नेतो. शाळा उघडली का घेऊन येतो, तवाबी नाई बोलली तं वापस नेतो. मले शिकलेली मुकी पोरगी नाई पायजे."

आणि मेहुणीने त्यांना शब्द देऊन टाकला होता. "या दिवाळीनंतर. बोलन ते."

"भाऊजी," ती मला म्हणाली, "दिवाळीवरी धडे चालू होईन का?"

"का नाही होणार?" मी म्हणालो. जावयाला दुसरं कोणतं उत्तर ठाऊक असतं?

"मंग एक डबी घरी घेऊन जा. तिच्यावर करून पाहा."

"नको नको. डबी कशाला? मी लॅपटॉपवरच करतो."

एवढं बोलून मी थांबलो, दुसऱ्या आग्रहासाठी. मेहुणी म्हणाली, "बरं," आणि तिने कपाटाला कुलूप लावलं.

परतीच्या वाटेवर चामोर्शी मागे पडली तशी बायको म्हणाली, "डबी काऊन नाई घेतली?"

"मला वाटलं अजून एकदा म्हणेल."

"ते पहिलीले शिकवते. एकदाच इचारते. नाई म्हटलं का त्या पोरीची चॉकलेट दुसरीले जाते."

आता फोन करून डबी मागणं म्हणजे जेवून उठल्यावर पुन्हा पोळी मागण्यासारखं होतं. विकत मागवता आली असती, पण तीही पार्सलवाल्याने आधी बायकोच्याच हातात दिली असती.

मग मी पर्याय काढला. लॅपटॉपवर एक प्रोग्राम मिळतो, जो दुसऱ्या वाणाच्या संगणकाचं सोंग घेतो. मोबाइलच्या वाणाचं सोंग घे म्हटलं की तो हुबेहूब तसा वागतो. जरा सावकाश, पण वागतो. त्या सोंगावर मी काम करायला बसलो.

हे मला सुचलं यात नवल नाही. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव नाटकं होतात. तरुणपणी मीही एकात होतो, नायिकेच्या भावाचं काम होतं. नायिका नागपूरहून यायची, तीही थेट प्रयोगाच्याच दिवशी. तोवर तालमीत तिची वाक्यं आमच्या गावचा शिंपी म्हणायचा, त्याच्या जाड मिशांसकट. मी त्या मिशांना "ताई" म्हणायला इतका सरावलो की प्रयोगात खरी ताई समोर आली तेव्हा मला वाक्यच आठवेना. ती मंचाच्या डावीकडून आली आणि मी उजवीकडे पाहून रडत होतो, कारण शिंपी नेहमी उजवीकडून यायचा. लोक फार हसले. पण त्यातून काही शिकलो असं नाही. शिकलो असतो तर डबी घेतली असती.

काम मात्र गोड होतं, एक प्रकारची धानाची रोवणीच. एका बांधीतले पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपं, उपटायचे, दुसऱ्या बांधीच्या चिखलात लावायचे आणि ते तिथे मूळ धरतात का पाहायचं. या खोलीतल्या पाहुण्याला, म्हणजे आतल्या खोट्या संगणकाला, जाग आल्याबरोबर काही गोष्टी सांगाव्या लागतात. जागा किती आहे, सामान कुठे ठेवलंय, काही बोलायचं झालं तर कोणत्या खिडकीत बोलायचं. आणि बाहेरून त्याला हाक मारायची झाली तर कोणती घंटा वाजेल. जुन्या वाणात यातलं पुष्कळ तो चाचपडत स्वतःच शोधतो. या वाणात सगळं आधीच हातात द्यावं लागतं, नाहीतर तो आल्या पावली झोपतो.

आई रोज दारातून डोकावायची. "काऊन रे, सकाळपासून त्या लॅपटॉपकडे पाहून राह्यला. त्यात का धान निसवून राह्यलं का?"

"निसवेल आई, लोंब्याही दिसतील."

"बांधीत निसवलं, कापणीले आलं. तुयं अजून पऱ्ह्यातच हाय."

आणि खरंच, दिवाळीच्या तोंडावर ते निसवलं. सोंगातल्या संगणकावर आमचं अवजार उठलं, त्याच्या आत खोली उभी राहिली, खोलीत धडे उघडले आणि म्हातारी म्हणाली, "येर." सोंगात सोंग असल्यामुळे तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा लांबट आला, पण आला. मी आईला हाक मारून ऐकवलं. आई म्हणाली, "हे बाई आजारी हाय का?"

मी केलेलं काम आमच्या त्या न भेटलेल्या मंडळींकडे पाठवून दिलं. त्यातली एक बाई, कुठल्यातरी थंड देशातली, माझी प्रत्येक ओळ भिंगातून पाहते. तिने कौतुक केलं आणि शेवटी विचारलं, "खऱ्या यंत्रावर चालवून पाहिलंत का?" मी लिहिलं, "लवकरच." आणि फराळाला बसलो.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. आष्टीच्या पुढे रस्ता ट्रकांनी खाल्लेला, दुतर्फा सागवान, गाडीत बायकोच्या मांडीवर चिवड्याचा डबा. मी शीळ घालत होतो. शाळेत पोचलो तर मेहुणीने डब्यांची पूजा करून ठेवलेली. प्रत्येकीला हळदकुंकू, वर तांदळाचे दाणे.

"नवी वस्तू हाय भाऊजी, जवळपास वीजबी पडली होती," ती म्हणाली.

मी डबी लावली, अवजार चढवलं आणि चालू केलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला.

पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. चूक कोणती ते सांगणारी एक ओळसुद्धा नाही. संगणक चिडून काहीतरी बोलला तर माणसाला बरं वाटतं. तो गप्प बसला की माणूस घरच्या भांडणात सापडल्यासारखा होतो. कोपऱ्यातल्या त्या मुलीची मला आठवण झाली.

"काय झालं?" मेहुणी.

"कुंकू," मी म्हणालो. "कुंकू आत गेलंय. म्हणून सांगतो, यंत्राची पूजा—"

पुढची घटकाभर मी दात घासायच्या ब्रशने डब्यांच्या फटी साफ करत होतो. एक तांदळाचा दाणा निघाला, तो मी पुरावा म्हणून टेबलावर ठेवला. मग डबी लावली. पडदा काळाच. मग मी सौर पेटीवर संशय घेतला, तारेवर घेतला, पेनड्राइव्हवर घेतला. बायको बाकावर बसून चिवडा खात होती. ती म्हणाली, "सगळ्याइले इचारून झालं. आता सोताले इचारा."

मेहुणीने फळा पुसला आणि त्यावर दोन चौकोन काढले. "भाऊजी, आमी पोरीइले दोन चित्रं देतो आन् फरक काय ते इचारतो. हे तुमचं घरचं चित्र, हे इथलं. सांगा."

मला हसू आलं, पण दुसरा उपाय नव्हता. मी एकेक सांगत गेलो, ती दोन्ही चौकोनांत काढत गेली. जागा दोन्हीकडे पुरेशी. सामान दोन्हीकडे एकाच कपाटात. बोलायची खिडकी सारखीच, ती मी डबीवर आधीच तपासली होती.

"आन् हाक कशी मारता?"

"घंटेने."

"घरची घंटा कशी हाय?"

"नव्या पद्धतीची. या वाणात आता तीच असते."

"आन् इथली?"

"इथलीही—" मी थांबलो. इथली मी पाहिलीच नव्हती. सोंगातल्या संगणकाला मी नवी कोरी घंटा लावली होती, म्हणून सगळ्यांकडे तीच असणार असं धरून चाललो होतो.

तेवढ्यात बाहेर टण् टण् झालं, शाळा झाडायला आलेल्या बायांना जेवायची हाक. शाळेत विजेची घंटा बसवलेली आहे, पण वीज नसली की स्वयंपाकीणबाई लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी मारते. मेहुणीने खिडकीतून तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिने काही म्हणायच्या आत मी डबीतल्या भागांचं वर्णन उघडलं होतं. आणि काय? डबीत जुन्या पद्धतीचीच घंटा होती. रुळाचा तुकडा म्हणा ना. पाहुण्याला मी सांगत होतो की विजेची घंटा वाजली की उठ, आणि ती या घरात कधीच वाजणार नव्हती. तो बिचारा आत बसून वाट पाहत होता. मेलेला नव्हता, वाट पाहत होता! माझ्यासारखाच, दुसऱ्या आग्रहाची.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. खोली बांधण्याआधी घरात कोणती घंटा आहे ते विचारायचं, आणि तीच पाहुण्याला सांगायची. अशी साधी गोष्ट आधी विचारायला हवी होती, हे लिहिताना आजही कान गरम होतात. दुपारची उन्हं उतरायच्या आत मी डबी पुन्हा चालू केली.

पडदा काळा झाला. मग वर, डाव्या कोपऱ्यात, एक पांढरी ओळ आली. तिच्याखाली दुसरी. मग ओळींचा लोंढा लागला, पाटातून पाणी सुटावं तसा. मी पहिलीच्या बुटक्या बाकावर बसलो. म्हातारीचा आवाज आला, विहिरीतून नव्हे, अंगणातून आल्यासारखा खणखणीत. "येर."

"आता हे बाई चांगली झाली वाटते," बायको म्हणाली. आईचा शेरा तिच्या लक्षात होता. मेहुणीने डोळ्याला पदर लावला आणि लगेच मला सुनावलं, "कुंकवाची माफी मांगा."

मी मागितली. डबीची मागितली, मेहुणीची मागितली, टेबलावरच्या त्या दाण्याची राहिली.

पण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. सकाळी पोरी आल्या. डोक्यावर पत्र्याच्या पेट्या, बगलेत गोधड्या, आयाबाया, सगळा गलका. ती मुलगी वडिलांचं बोट धरून आली. तिच्याजवळ पेटी नव्हती, गोधडीही नव्हती. वडिलांनी काही आणलंच नव्हतं. मेहुणीने ते पाहिलं, मीही पाहिलं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

तिला डबीसमोर बसवलं. वडील दारात उभे राहिले, खांद्यावर दुपट्टा. पाणी आलं, म्हातारी म्हणाली, "येर". मुलगी पाहत राहिली. झाड आलं, घर आलं. ती पाहत होती, नुसती पाहत होती. यंत्र माझं चाललं होतं, पण ते यंत्रासाठी चालवलंच नव्हतं.

मग बैल आला. शिंगं रंगवलेला, अंगावर झूल, एक कान टोकाला फाटलेला. म्हातारी म्हणाली, "कोंदा."

मुलगी ताडकन उठली. बोट पडद्यावर टेकवून, चांगल्या चढ्या आवाजात म्हणाली, "मावा कोंदा!"

आमचा बैल! आणि त्यापुढे ती जी सुटली ती थांबेना. मला एक अक्षर कळत नव्हतं. मेहुणी हसत हसत सांगू लागली, "म्हनते, आमचा बैल इथी कोनं आनला? त्याले चारा टाकला का नाई? तो दुसऱ्याच्या हातचं खात नाई म्हनते." पोळ्याला मेहुणी या मुलीच्या गावी गेली होती, तेव्हा हौसेने हा फोटो काढून तिने धड्यात टाकला होता. कोणाचा बैल ते तिलाही ठाऊक नव्हतं.

वडील दारातून आत आले. पडद्यापाशी वाकून त्यांनी फाटका कान पाहिला. "आमचाच हाय," ते गंभीरपणे म्हणाले. मुलीने त्यांना काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, तिने वाद घातला. वर्गातल्या बाकीच्या पोरीही उठून आल्या आणि आपापल्या बैलांबद्दल सांगू लागल्या. मेहुणी म्हणायची "बैल", त्या ओरडायच्या "बैल!" आणि पुन्हा गोंडीत भांडायच्या.

जरा वेळाने वडील मेहुणीजवळ आले. "बाई, पेटी घरीच राह्यली," ते म्हणाले, जणू विसरूनच आले होते. "उद्या आनून देतो. गोधडीबी."

"आना," मेहुणी म्हणाली. एवढंच. पण मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, सोंगातल्या, खऱ्या, साऱ्या संगणकांचं सार्थक झालं.

घंटेची दुरुस्ती मी त्या थंड देशातल्या बाईला पाठवली. शाळेत रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या मागे मिळते, तिथे उभा राहून. "खऱ्या यंत्रावर पाहिलं," असं ठळक लिहिलं. तिने ते अवजारात घेतलं. आता आमचं अवजार आधी घंटा कोणती ते विचारतं.

निघताना मेहुणी कपाट उघडून म्हणाली, "भाऊजी, पुढच्या कामाले एक डबी घेऊन जा—"

"हो," मी म्हणालो. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत डबी माझ्या पिशवीत होती. बायको माझ्याकडे पाहत राहिली. लग्नापासून पहिल्यांदाच तिने मला माहेरी पहिल्या आग्रहाला हो म्हणताना ऐकलं होतं.

मूलला पोचल्यावर आईने डबी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली, आणि देवघरातून कुंकवाची कोयरी आणली. मी फक्त डबीच्या फटीवर बोट ठेवून धरलं.